एकच लँडलाइन नंबर घरच्या फोनवर आणि मोबाइलवरही : फायबरवरची फोनसेवा नीट जोडून घेण्याची पद्धत

फायबरचे इंटरनेट घेतलेल्या अनेक घरांना त्याच मासिक शुल्कात लँडलाइनचीही सेवा मिळालेली असते. तरीही राउटरच्या मागे असलेली फोनची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते, कारण जोडणी करून देणारा तंत्रज्ञ वाय-फायचा पासवर्ड सांगून निघून जातो आणि फोनचा विषयच निघत नाही. हीच सेवा व्यवस्थित जोडली, तर घरातील वडीलधाऱ्यांना सवयीचा टेबलावरचा फोन मिळतो, दवाखान्याला किंवा दुकानाला कायमचा स्थानिक नंबर मिळतो आणि बाहेर असलेल्या माणसाला त्याच नंबरचे फोन मोबाइलवर घेता येतात. ही जोडणी कशी करावी, कोणत्या क्रमाने करावी आणि ती बिघडली तर दोष कोठे शोधावा, हे या लेखात सविस्तर दिले आहे.

तीन सोयींतला फरक

इंटरनेटवरून फोन म्हटले की तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि पुढचा बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. पहिली सोय व्हॉट्सॲपसारख्या ॲपची. तेथे दोन्ही बाजूंना तेच ॲप लागते आणि घरच्या टेबलावरचा फोन त्यावर कधीही वाजत नाही. दुसरी सोय वाय-फाय कॉलिंगची. यात आपला मोबाइल नंबर तोच राहतो, फक्त टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून तो कंपनीपर्यंत पोहोचतो. भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सेवा सुरू केली. तिसरी सोय म्हणजे फायबरवरचा लँडलाइन नंबर. हा नंबर सिमकार्डाला बांधलेला नसून फायबरच्या जोडणीला बांधलेला असतो, आणि म्हणूनच तो टेबलावरच्या फोनवर व मोबाइलवरच्या ॲपवर असा दोन्हीकडे घेता येतो. या लेखाचा मुख्य भर या तिसऱ्या सोयीवर आहे.

आपल्याकडे ही सोय बरीच उशिरा आली. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास परवानगी होती, परंतु इंटरनेटवरून निघालेला फोन देशातील साध्या लँडलाइनवर किंवा मोबाइलवर उतरवता येत नव्हता. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्ये याबाबत शिफारशी केल्या आणि दूरसंचार विभागाने जून २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर लगेच, जुलै २०१८ मध्ये, बीएसएनएलने मोबाइलवरील ॲपमधून कोणत्याही नंबरवर फोन लावण्याची ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली.

सुरुवात कागदपत्रांपासून

तार हातात घेण्यापूर्वी कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बिलावर चार गोष्टी पाहाव्यात : आपल्या प्लॅनमध्ये फोनसेवा आहे की नाही, आपल्याला दिलेला लँडलाइन नंबर कोणता, तो सुरू झालेला आहे का, आणि खात्याशी नोंदवलेला मोबाइल नंबर सध्या कोणाच्या हातात आहे. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुढे प्रत्येक टप्प्यावर ओटीपी त्याच मोबाइलवर येतो. पुष्कळ घरांत जोडणी घेताना परगावी नोकरी करणाऱ्या मुलाचा किंवा घरमालकाचा नंबर दिलेला असतो. तसे असेल तर प्रथम तो बदलून घ्यावा.

नंबर लिहून ठेवताना एसटीडी कोडसह लिहावा. पुण्याचा कोड ०२० असल्यामुळे पुढे आठ अंक येतात, कोल्हापूरचा ०२३१ असल्यामुळे पुढे सात. पहिले शून्य सोडले की दोन्हीकडे दहाच अंक होतात आणि ॲपमध्ये नोंदणी करताना बहुधा हेच दहा अंक विचारले जातात. तेथे शून्यासकट नंबर टाकल्यास तो स्वीकारला जात नाही.

बीएसएनएलचे फायबर अनेक गावांत स्थानिक भागीदार किंवा केबलचालक यांच्यामार्फत मिळते. अशा ठिकाणी इंटरनेट सुरू असते, पण राउटरमध्ये फोनसेवेची नोंद करणे राहून गेलेले असते. ही नोंद आपल्याला करता येत नाही. त्यासाठी लागणारे नाव आणि पासवर्ड कंपनीकडे असतात, त्यामुळे भागीदाराकडे ‘फोनची नोंदणी करून द्या’ अशी स्पष्ट मागणी करावी. तांब्याच्या तारेवरचा जुना बीएसएनएल नंबर ज्यांना टिकवायचा असेल, त्यांनी फायबरचा अर्ज करतानाच तसे लिहून द्यावे. जुनी जोडणी बंद झाल्यानंतर तोच नंबर परत मिळवणे अवघड जाते.

टेबलावरचा फोन जोडणे

मोबाइलवरचे ॲप सुरू करण्याची घाई न करता आधी घरचा फोन चालू करून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. टेबलावरचा फोन बोलू लागला म्हणजे नंबर, प्लॅन आणि कंपनीकडची नोंदणी हे सर्व ठीक आहे, याची खात्री होते. त्यानंतर ॲपमध्ये काही अडले, तर दोष ॲपमध्ये किंवा मोबाइलमध्येच आहे हे ओळखता येते.

राउटरची मागची बाजू उजेडात आणून पाहावी. तेथे लॅनच्या, म्हणजे संगणकाची तार लावण्याच्या, रुंद जागा ओळीने असतात आणि त्यांच्या शेजारी एक किंवा दोन अरुंद जागा असतात. त्यांच्याजवळ फोनचे चित्र किंवा टेल, फोन, पॉट्स यांपैकी एखादे अक्षरचिन्ह छापलेले असते. फोनच्या तारेची लहान पिन लॅनच्या रुंद जागेतही शिरते आणि ‘टक्’ असा आवाजही होतो, म्हणून ती बरोबर बसली असे वाटते, परंतु डायल टोन येत नाही. लॅनच्या जागेचे आतले स्पर्शबिंदूही त्यामुळे वाकू शकतात. पिन अरुंद जागेतच लावावी आणि मग राउटरच्या पुढच्या बाजूचा फोनचा दिवा पाहावा. तो स्थिर हिरवा असेल तर नोंदणी झालेली आहे. तो बंद असेल किंवा सतत लुकलुकत असेल तर राउटर एकदा बंद करून दोन-तीन मिनिटांनी सुरू करावा. लॉस नावाचा दिवा लाल झाला असेल, तर फायबरची तारच कोठेतरी तुटलेली किंवा दबलेली असते, आणि तेव्हा तक्रार नोंदवण्याशिवाय उपाय नसतो.

त्यानंतर रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकावा. टोन येतो, पण नंबर दाबूनही फोन लागत नाही, ही जुन्या यंत्रांची नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी फोन उलटा करून पाहावा. बाजूला किंवा तळाला पल्स आणि टोन यांच्यामधला एक बारीक खटका असतो, तो टोनकडे सरकवावा. पुष्कळ राउटरना पल्स पद्धतीचे अंक कळतच नाहीत. याच कारणाने जुना तबकडीचा फोन जोडल्यास तो वाजतो, त्यावर बोलताही येते, मात्र त्यावरून फोन लावता येत नाही.

फोन राउटरपासून दूर, म्हणजे देवघराजवळ किंवा आजोबांच्या खोलीत हवा असेल, तर भिंतीतील जुनी टेलिफोनची तार वापरता येते. येथे मात्र एक काळजी अनिवार्य आहे. जुन्या तारेचे बाहेरचे टोक रोझेटच्या, म्हणजे भिंतीवरच्या फोनजोडणीच्या, डबीतून पूर्ण सोडवून, वेगळे करून, त्यावर टेप गुंडाळल्याशिवाय राउटरची फोनची जागा त्या तारेला जोडू नये. एक्स्चेंजकडून येणाऱ्या तांब्याच्या तारेत साधारण ४८ व्होल्टचा दाब असतो आणि रिंग येते तेव्हा तो आणखी बराच वाढतो. दोन्हीकडचा दाब एकाच तारेत आला तर राउटर निकामी होऊ शकतो. आपली जुनी लाइन बंद झालेली आहे, एवढ्यावर विसंबू नये, कारण बंद लाइनच्या तारेतही दाब शिल्लक असू शकतो. हे काम लाइनमनकडून किंवा जाणत्या वायरमनकडून करून घेतलेले बरे.

नंबर कसा फिरवावा

१५ जानेवारी २०२१ पासून देशभर लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना दहा अंकांच्या आधी शून्य लावावे लागते. हा नियम फायबरवरच्या लँडलाइनलाही लागू आहे. घरातील ज्येष्ठांना ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ अशी सूचना वारंवार ऐकू येत असेल, तर बहुतेक वेळा हेच शून्य राहिलेले असते. त्यांच्या डायरीतील नेहमीचे आठ-दहा नंबर शून्यासह मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावेत. याउलट, मोबाइलमध्ये घरचा नंबर साठवताना +९१, मग शून्याशिवाय एसटीडी कोड आणि मग नंबर असा साठवावा. तो कोणत्याही गावातून तसाच लागतो.

तोच नंबर मोबाइलवर घेणे

जिओच्या फायबर ग्राहकांसाठी जिओजॉइन नावाचे ॲप आहे. पूर्वी ते जिओकॉल या नावाने ओळखले जात असे. मोबाइलमध्ये जिओचेच सिम असण्याची गरज नसते. इतर कंपन्यांच्या बाबतीत अशी सोय आपल्या प्लॅनमध्ये आहे का, हे त्यांच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा ग्राहक सेवेकडे विचारून घ्यावे, आणि ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअर यांवरूनच उतरवावे. कोणी संदेशातून पाठवलेल्या दुव्यावरून ते घेऊ नये.

नोंदणीच्या वेळी मोबाइल घरच्या फायबरच्या वाय-फायला जोडलेला असावा. ॲप उघडल्यावर फिक्स्ड लाइनचा पर्याय निवडावा, मागितल्यास शून्याशिवायचे दहा अंक द्यावेत आणि नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरावा. ॲप ज्या परवानग्या मागते, त्यांपैकी मायक्रोफोन, फोन आणि सूचना या तीन आवश्यक आहेत. संपर्कयादीची परवानगी दिल्यास नावे दिसतात, न दिल्यास फक्त नंबर दिसतात. फोन लावण्याचे मुख्य ॲप म्हणून मलाच निवडा, अशी विनंती ॲपने केल्यास ती नाकारावी. मोबाइलचा मूळ डायलर सिमसाठी राखून ठेवणे सोयीचे असते आणि संकटकाळी ते महत्त्वाचेही ठरते.

यानंतरचा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि मग ‘ॲपवर रिंगच वाजत नाही’ म्हणून ते काढून टाकतात. अँड्रॉइड मोबाइल बॅटरी वाचवण्यासाठी पडद्यामागे चाललेली ॲप झोपवून टाकतात. ॲप झोपले की येणारा फोन त्याला कळत नाही. त्यासाठी सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीचा वापर ‘अनिर्बंध’ करावा. शाओमी, विवो, ओप्पो यांच्या अनेक मोबाइलमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ हा वेगळा खटका असतो, तोही सुरू करावा. मग मोबाइलचा पडदा बंद करून अर्धा तास तसाच ठेवावा आणि दुसऱ्या मोबाइलवरून घरच्या नंबरला फोन लावावा. लगेच लावलेल्या चाचणीत ॲप जागेच असते, म्हणून ती चाचणी फसवी ठरते. नीट जोडलेल्या सेवेत टेबलावरचा फोन आणि ॲप दोन्ही वाजायला हवेत.

पुढची चाचणी घराबाहेरची आहे. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर ॲपमधून फोन करून पाहावा. काही सेवा घरच्या वाय-फायपुरत्याच असतात, काही बाहेरही चालतात, आणि ही गोष्ट प्रवासाला निघण्यापूर्वी कळलेली बरी. ज्या कंपनीचे असे ॲप नाही, तिच्याकडून घरच्या नंबरवर कॉल फॉरवर्ड सुरू करून घेता येते. त्यात येणारे फोन मोबाइलवर मिळतात, मात्र घरच्या नंबरने बाहेर फोन लावता येत नाही.

मोबाइलच्या स्वतःच्या नंबरला घरात रेंज मिळत नसेल, तर वाय-फाय कॉलिंगही याच वेळी सुरू करून घ्यावे. अँड्रॉइडमध्ये ते सिमच्या सेटिंग्जमध्ये आणि आयफोनमध्ये फोनच्या सेटिंग्जमध्ये असते. त्यासाठी वेगळे ॲप लागत नाही.

आवाज तुटतो तेव्हा

फोनसाठी इंटरनेटचा वेग फारसा लागत नाही. जी.७११ या रूढ पद्धतीत आवाजाचे दर सेकंदाला ५० लहान तुकडे पाठवले जातात आणि पत्त्यांच्या माहितीसह एका दिशेला सुमारे ८० किलोबिट प्रतिसेकंद एवढीच जागा लागते. तासभर बोलल्यास दोन्ही दिशा मिळून सुमारे ७२ एमबी होतात. त्यामुळे ३० एमबीपीएसच्या जोडणीवर आवाज तुटत असेल, तर १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन बहुधा काही साधत नाही. महत्त्वाचे असते ते तुकड्यांचे वेळेवर आणि सारख्या अंतराने पोहोचणे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. तो वाढत गेला की दोघेही एकाच वेळी बोलू लागतात.

दोष शोधण्याचा सोपा मार्ग असा आहे. आवाज तुटताच तोच फोन टेबलावरच्या यंत्रावरून लावून पाहावा. फायबर कंपन्या बहुधा लँडलाइनचा आवाज इंटरनेटपासून वेगळ्या आभासी वाटेने नेतात, त्यामुळे घरात कोणी चित्रपट पाहत असले तरी टेबलावरच्या फोनला त्याचा त्रास होत नाही. टेबलावर आवाज स्वच्छ असेल आणि ॲपवर तुटत असेल, तर फायबर निर्दोष असून दोष बहुधा वाय-फायमध्ये आहे. दोन्हीकडे तुटत असेल, तर तक्रार कंपनीकडे करावी आणि ‘वायरच्या फोनवरही आवाज तुटतो’ हे वाक्य तक्रारीत आवर्जून लिहावे, म्हणजे राउटर बंद-चालू करण्याच्या सूचनेवर तक्रार मिटवली जात नाही.

वाय-फायचा दोष असेल तर मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर आणावा. २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि काही कॉर्डलेस फोन यांची गर्दी असते. अर्थात ५ गिगाहर्ट्झ जाड भिंतीतून कमी जाते. जुन्या दगडी वाड्यात किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्यावर ते पोहोचत नसेल, तर त्या मजल्यापर्यंत लॅनची तार नेऊन तेथे दुसरा राउटर लावणे हा खात्रीचा उपाय आहे. केवळ आपण बोललेले समोरच्याला तुटक ऐकू येत असेल, तर घरातून मोठे काहीतरी वर चढत असते : मोबाइलमधील फोटोंचा बॅकअप किंवा इंटरनेटवर चित्रण पाठवणारा कॅमेरा. ते रात्रीच्या वेळेवर टाकावे.

वीज गेल्यावर

जुन्या तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून येत असे, म्हणून वादळात, पुरात, भारनियमनात फोन चालू राहत असे. फायबरमधून वीज येत नाही. घरातील वीज गेली की राउटर बंद, आणि त्याबरोबर लँडलाइनही बंद. घरात एकटे राहणारे ज्येष्ठ असतील तर या गोष्टीकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

इन्व्हर्टर असल्यास राउटरचा सॉकेट त्याच्या लाइनवर घ्यावा. नसल्यास राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा, पण राउटरच्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहूनच. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असले, तरी छापलेला आकडाच खरा मानावा. कॉर्डलेस फोनच्या तळखंडालाही वीज लागते, हे लोक विसरतात. राउटर यूपीएसवर चालू राहतो आणि फोन मात्र मुका होतो. म्हणून संकटासाठी साधा तारेचा फोनच जोडलेला असावा. यूपीएस बसवल्यावर मेन स्विच बंद करून प्रत्यक्ष फोन लावून पाहावा. आपल्या घरी वीज असूनही सेवा जात असेल, तर केबलचालकाची गच्चीवरची किंवा खांबावरची पेटी विजेवर चालणारी आहे का, हे त्याला विचारावे.

११२ आणि १०८ हे नंबर ॲपवरून लावण्याच्या भरवशावर राहू नये. ॲपचा नंबर घराचा असतो आणि माणूस भलतीकडेच असू शकतो, त्यामुळे मदत चुकीच्या पत्त्यावर जाण्याचा धोका असतो. बाहेर असताना सिमवरून आणि घरी असताना टेबलावरच्या फोनवरून हे नंबर लावावेत, आणि पत्ता स्वतःहून सांगावा.

परदेशातील घरांसाठी

अमेरिकेत किंवा युरोपात राहणारी काही मराठी कुटुंबे इंटरनेट एका कंपनीचे आणि फोनसेवा दुसऱ्याच कंपनीची घेतात. तेव्हा राउटर आणि साधा फोन यांच्यामध्ये ॲडॅप्टरची लहान पेटी बसवतात. ग्रँडस्ट्रीम या कंपनीच्या एचटी ८०१ या पेटीत एका फोनची आणि एचटी ८०२ मध्ये दोन फोनची सोय आहे. जोडलेल्या फोनवरून तीनदा तारांकनाचे बटण दाबून मग ०२ दाबल्यास ही पेटी आपला आयपी पत्ता बोलून सांगते. तो ब्राउझरमध्ये टाकून सेवेचे सर्व्हर, नाव आणि पासवर्ड भरायचे असतात. तीच माहिती मोबाइलवर लिनफोन किंवा झोइपर या ॲपमध्ये भरल्यास तो नंबर मोबाइलवरही येतो. फोन लागतो पण एका बाजूचाच आवाज ऐकू येतो, असे झाल्यास राउटरमधील ‘सिप एएलजी’ हा पर्याय बंद करून पाहावा. अमेरिकेत २००५ पासून अशा कंपन्यांवर ९११ ची सोय देण्याचे बंधन आहे, पण त्यासाठी आपला पत्ता त्यांच्याकडे नोंदवलेला असावा लागतो. घर बदलले की तो त्याच दिवशी बदलावा.

परदेशातून येणारे इंटरनेटवरचे फोन भारतातील घरच्या लाइनवर उतरवणारी पेटी नातेवाइकांच्या सोयीसाठी बसवून द्यावी, अशी कल्पना कधीकधी सुचवली जाते. परवान्याशिवाय असे करणे भारतात बेकायदा आहे. ते करू नये आणि कोणी भाडे देऊन आपल्या घरात अशी यंत्रे ठेवू पाहत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

नंबर सांभाळणे

राउटरचा आणि ॲडॅप्टरचा मूळ पासवर्ड बदलावा. परदेशी फोनची गरज नसेल तर आयएसडी बंद ठेवण्याची विनंती कंपनीला करावी, कारण चोरीला गेलेल्या खात्यांवरून महागडे परदेशी फोन लावण्याचा प्रकार जुना आहे. ‘तुमची लँडलाइन बंद होणार आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आल्यास तो तोडावा आणि संचार साथी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या सोयीत त्याची तक्रार करावी. पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या नंबरवर कळवावे. मोबाइल हरवला, विकला किंवा दुरुस्तीला दिला, तर ॲपमधून त्या उपकरणाची नोंद काढून टाकावी, अन्यथा घरचे फोन दुसऱ्याच्या हातात वाजत राहतील.

मोबाइलप्रमाणे लँडलाइनचा नंबर एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची सोय आपल्याकडे अद्याप नाही. म्हणून दुकानाच्या पाटीवर, औषधांच्या चिठ्ठीवर किंवा सोसायटीच्या यादीत हा नंबर छापण्यापूर्वी त्या कंपनीची सेवा आपल्या भागात काही महिने नीट चालते आहे, हे पाहावे आणि तोपर्यंत त्याच्या शेजारी एक मोबाइल नंबरही द्यावा.